सूत कोणाचे?

परवा इचलकरंजीची भाची आली ती तोंड पाडूनच. ती घरबसल्या परदेशी संकेतस्थळांसाठी इंग्रजीत लेख लिहिते. नोकरी नाही; शब्दामागे ठरलेला दर आणि महिनाअखेर हिशेब. या खेपेस एका गिऱ्हाइकाने तिचे सहा लेख परत पाठवले. पैसे अर्थातच नाहीत. कारण एका ओळीचे : हे यंत्राने लिहिलेले आहे.

“मामा, रात्र रात्र बसून लिहिलंय मी,” ती म्हणाली, “आणि इंग्रजी तुम्हीच शिकवलेलं.”

ते खरेच. बँकेतली सारी वर्षे मी इंग्रजीत टिपणे लिहिण्यात घालवली. छोटी वाक्ये, ठरलेले शब्दप्रयोग, व्याकरणाची चूक नाही. झालीच तर साहेबांची लाल शाई. कादंबऱ्या मी मराठीत लिहिल्या. इंग्रजीत माझी मजल चूक न करण्यापलीकडे गेली नाही आणि भाचीला मी तेवढेच देऊ शकलो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. पाठोपाठ यंत्राचे लेखन ओळखण्याचा दावा करणारी यंत्रेही आली. त्यांतली बरीचशी, पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे मोजतात. ज्याचा शब्दसाठा बेताचा, त्याचे शब्द साहजिकच अपेक्षित ठरतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांच्यापुढे ठेवले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसांचे ठरले. पूर्वी परका माणूस चुकांवरून ओळखू येई. आता चूक नाही म्हणून त्याच्यावर संशय!

हा अन्यायच आहे. पण यंत्राच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. मी ते सहा लेख वाचले. उशी कशी निवडावी, कुत्र्याला आंघोळ कशी घालावी, असे विषय. भाचीने आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही. विषय गिऱ्हाइकाचा, मुद्दे गिऱ्हाइकाचे, तिची फक्त वाक्ये. आणि निर्दोष वाक्ये आज यंत्र जवळजवळ फुकट देते.

इचलकरंजीच्या शाखेत असताना यंत्रमागांसाठी कर्ज मागायला आलेल्याला मी एक प्रश्न हमखास विचारी : सूत कोणाचे? स्वतःचे सूत आणून कापड विकणारा वेगळा आणि खर्चीवाला वेगळा. खर्चीवाल्याचे सूतही व्यापाऱ्याचे नि कापडही व्यापाऱ्याचे; याला मिळते ती विणण्याची मजुरी. मंदी आली की पहिली झळ त्याला. आमच्या दाजींचे आठ माग असेच चालले. त्यांच्या लेकीला हे मी काय समजावणार?

तरी म्हणालो, “तू शब्दांची खर्ची करतेस. स्वतःचे सूत घाल.”

जोसेफ कॉनरॅड जन्माने पोलिश. इंग्रजी तो विशीनंतर शिकला. त्याची पहिली कादंबरी १८९५ साली आली, तेव्हा इंग्रजीवर त्याचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. पण जहाजांवर काढलेली वर्षे मात्र त्याची स्वतःची होती. सगळेच काही कॉनरॅड होत नाहीत, हे मला कळते. परंतु मागांच्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली, मीटरवरची मजुरी आणि सुताचे वरखाली होणारे भाव घरात ऐकलेली मुलगी वस्त्रोद्योगावर लिहील, तेव्हा तिच्याजवळ कुणाला फुकट न मिळणारे काही असेल. व्याकरण तपासून घेता येते. माहिती उसनी आणली की लगेच कळते.

“आणि महिनाअखेरचं काय?” तिने विचारले.

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हते. स्वतःचे सूत घालायला भांडवल लागते. इथे ते वेळेचे. तोवर थोडी खर्ची करावीच लागेल. मात्र निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि प्रत्येक लेखाचे कच्चे खर्डे तारखेसह जपावेत, हा बँकवाल्याचा सल्ला मी दिला.

काल तिचा फोन आला. मागांवर लिहायला बसली होती.

“मामा, खर्चीवाल्याला इंग्रजीत काय म्हणायचं?”

“नेमका शब्द मला नाही सापडला,” मी म्हटले. “दाजी दिवसभर काय करायचे ते दोन वाक्यांत सांग.”