विश्लेषण : अमेरिकेतील रोलर कोस्टर सहलीचा आराखडा मुलाच्या उंचीवरून का ठरवावा?

वर्सोव्यातील मुलांसाठी एकेकाळी रोलर कोस्टर म्हणजे गोराईचे एस्सेलवर्ल्ड. खाडी ओलांडायची, दिवसभर राइड्स करायच्या आणि संध्याकाळच्या बोटीने परतायचे. 1989 मध्ये सुरू झालेले हे पार्क 2022 मध्ये पर्यटकांसाठी बंद झाले. त्याच राइड्सवर वाढलेली पिढी आता पालक झाली आहे. मुलांची सुट्टी आणि न्यू जर्सीतील नातेवाईकांचे आमंत्रण जुळले, की अनेक घरांत अमेरिकेतील थीम पार्कचा विषय निघतो. यूट्यूबवर पार्कचे व्हिडीओ पाहून यादी तयार होते, विमानाची तिकिटेही शोधली जातात. मात्र एवढा खर्च करून गेल्यावर मुलाला गेटवरूनच परत पाठवले जाऊ शकते. त्यामुळे पार्कची यादी करण्याआधी काही आकडे तपासणे गरजेचे आहे.

उंची हा पहिला निकष का?

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या कोस्टरना वयाची नव्हे, तर उंचीची अट असते. ती इंचांत लिहिलेली असते. आपल्याकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची सेंटिमीटरमध्ये असते, त्यामुळे अंदाज चुकतो. सर्वाधिक आढळणारा आकडा 48 इंच, म्हणजे सुमारे 122 सेंटिमीटर आहे. दुसरी-तिसरीतील मुलांची उंची बहुधा याच आकड्याच्या आसपास असते.

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधील 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन'साठी 38 इंच, म्हणजे सुमारे 97 सेंटिमीटर पुरतात. 'स्पेस माउंटन'ला 44 इंच, म्हणजे 112 सेंटिमीटर लागतात. जवळच्याच युनिव्हर्सलमधील हॅग्रिडच्या मोटारबाइक कोस्टरसाठी 122 सेंटिमीटरची, तर 'व्हेलॉसीकोस्टर'साठी 51 इंचांची, म्हणजे सुमारे 130 सेंटिमीटरची अट आहे. ओहायोतील सीडर पॉइंटच्या 'स्टील व्हेंजन्स'ला 132, तर न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमधील 'नायट्रो'ला 137 सेंटिमीटर उंची हवी.

याचा अर्थ असा, की 118 सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी डिस्ने ही भरगच्च सहल आहे, पण सीडर पॉइंट म्हणजे बाकावर बसून ताई-दादाची वाट पाहणे. घरात एकच मूल असेल तर प्रश्न सोपा असतो. दोन मुलांच्या वयात चार-पाच वर्षांचे अंतर असेल, तर धाकट्याची उंची हाच संपूर्ण सहलीचा निकष ठरतो.

ही अट नेमकी कशासाठी?

कोस्टर टेकडीच्या माथ्यावरून वेगाने खाली वळतो तेव्हा शरीर आसनावरून वर उचलले जाते. त्या क्षणी माणसाला आसनात धरून ठेवते ती मांडीवरची किंवा खांद्यांवरची दांडी. ती योग्य जागी, म्हणजे कमरेच्या हाडाला आणि मांडीला टेकेल अशा अंदाजाने बनवलेली असते. शरीर लहान असेल तर दांडी पूर्ण बंद झाल्यासारखी दिसते, पण मध्ये फट राहते. म्हणूनच जाड तळव्यांचे बूट घालून किंवा टाचा उचलून दोन सेंटिमीटर 'मिळवणे' हा धोकादायक प्रकार आहे. अट पाळणारा कर्मचारी मुलाची मजा घालवत नसतो. गेटवर त्याने घेतलेले माप अंतिम मानले जाते आणि वाद घालून उपयोग होत नाही.

पालकांसाठी एक सोय मात्र आहे. डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीडर पॉइंट येथे आई-वडिलांपैकी एक जण लहान मुलासोबत थांबतो, दुसरा राइड करतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दोघांची अदलाबदल होते. प्रत्येक ठिकाणी तिचे नाव वेगळे आहे, पण प्रवेशद्वारावर विचारल्यास माहिती मिळते.

शाळेची सुट्टी आणि पार्कचा हंगाम जुळतो का?

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील मोठी पार्क वर्षभर सुरू असतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतील पार्कचे तसे नाही. तिथे हिवाळ्यात कोस्टर बंद असतात. वसंत ऋतूत आधी शनिवार-रविवारी आणि मग रोज, अशी सुरुवात होते. सप्टेंबरपासून पुन्हा मुख्यतः आठवड्याच्या शेवटीच पार्क उघडतात.

महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात असते आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. अमेरिकेतील शाळांना सुट्टी लागते ती साधारण जूनमध्ये. त्यामुळे मे महिन्यातील कामाचे दिवस मुंबईकरांसाठी फायद्याचे ठरतात, कारण तिथली मुले तेव्हा शाळेत असतात. अडचण एवढीच, की मेच्या सुरुवातीला उत्तरेकडील काही पार्क आठवड्यातून दोनच दिवस सुरू असू शकतात. म्हणून आधी ऑर्लँडो आणि मेच्या अखेरीस उत्तर, हा क्रम सोयीचा पडतो. मेचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे, हा तिथला जोड-सुट्टीचा दिवस असतो. तो शनिवार-रविवारसह टाळावा.

दिवाळीच्या सुट्टीत उत्तरेकडे हॅलोविनची गर्दी असते आणि बरीच पार्क केवळ आठवड्याच्या शेवटी सुरू असतात. नाताळात फ्लोरिडात वर्षातील सर्वाधिक गर्दीचे दिवस असतात. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वादळी पाऊस येतो. जवळपास वीज चमकू लागली की उघड्यावरचे कोस्टर थांबवले जातात. त्यामुळे मोठ्या राइड्स सकाळी उरकणे हाच उपाय.

एका सहलीत किती पार्क शक्य आहेत?

नकाशावर ऑर्लँडो आणि लॉस एंजेलिस एकाच देशात दिसतात, पण दोघांत सुमारे 4,000 किलोमीटरचे अंतर आहे. मुंबई-दिल्ली रस्त्याच्या जवळपास तिप्पट. दोन आठवड्यांत दोन्ही किनारे करण्याचा हट्ट धरला, तर चार-पाच दिवस विमानतळ आणि प्रवासातच जातात.

न्यू जर्सीत नातेवाईक असतील तर अधिक व्यवहार्य असा एक रस्ता आहे. जॅक्सन येथील ग्रेट ॲडव्हेंचरपासून सुरुवात. तिथून पेनसिल्व्हेनियातील हर्शीपार्क. चॉकलेट कारखान्याचे मालक मिल्टन हर्शी यांनी कामगारांसाठी वसवलेले हे उद्यान पुढे थीम पार्क झाले. पुढचा मुक्काम पिट्सबर्गजवळचे 1898 चे केनीवूड. तिथला 1920 चा 'जॅक रॅबिट' हा लाकडी कोस्टर आजही ओळखला जातो. शेवटी ईरी सरोवराच्या काठावर सँडस्की येथील सीडर पॉइंट. 1870 पासूनच्या या पार्कमध्ये 'मॅग्नम एक्सएल-200' हा 200 फुटांपेक्षा उंच कोस्टर 1989 मध्ये, म्हणजे एस्सेलवर्ल्डच्याच वर्षी सुरू झाला. 2000 मधील 'मिलेनियम फोर्स' 310 फुटांचा आहे. प्रत्येक टप्पा साधारण अडीच ते साडेतीन तासांच्या गाडीचा आहे.

स्वतः गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत असावा. तो आपल्याच आरटीओतून मिळतो. वर्सोवेकरांसाठी ते अंधेरी पश्चिमेचे कार्यालय. शुल्क 1,000 रुपये आणि मुदत एक वर्ष. इथेही मुलाची उंची आडवी येते. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार आठ वर्षांखालील आणि 57 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 145 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी गाडीत वेगळे आसन बंधनकारक आहे. भाड्याची गाडी घेताना ते आधीच मागावे लागते.

व्हिसाआधी तिकिटे काढावीत का?

नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे अर्जशुल्क 17 जून 2023 पासून प्रतिव्यक्ती 185 डॉलर आहे. चौघांचे 740 डॉलर होतात आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात आणखी 250 डॉलरच्या शुल्काची तरतूद आहे. अर्ज करताना ती लागू झाली आहे का, हे दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासावे.

2 सप्टेंबर 2025 पासून मुलाखतीतून मिळणारी सूटही आक्रसली आहे. पूर्वी 14 वर्षांखालील मुले आणि 79 वर्षांवरील ज्येष्ठांना साधारणपणे मुलाखतीला जावे लागत नसे. आता त्यांनाही सर्वसाधारणपणे जावे लागते. म्हणजे आजी-आजोबा आणि नातवंडे अशा सर्वांनाच बीकेसीतील वाणिज्य दूतावासात हजर राहण्याची तयारी ठेवावी लागेल. वर्सोव्याहून मेट्रोने मरोळ नाक्याला गाडी बदलून बीकेसीला पोहोचता येते. प्रश्न प्रवासाचा नाही, मुलाखतीची तारीख कधी मिळते याचा आहे. मेमध्ये जायचे असेल तर मार्चमध्ये अर्ज करणे हा जुगार ठरतो.

दिलासा असा, की भारतीय पर्यटकांना हा व्हिसा साधारणपणे 10 वर्षांचा मिळतो. मुलांचा पासपोर्ट मात्र पाच वर्षांचाच असतो. तो संपला तरी व्हिसा बाद होत नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करता येतो.

खर्चात काय लपलेले असते?

पार्कच्या तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. गर्दीच्या दिवशी महाग, कामाच्या दिवशी स्वस्त. पार्किंग, लॉकर आणि रांग टाळण्याचा पास यांचे पैसे वेगळे. सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर पॉइंटची मालक असलेली सीडर फेअर या कंपन्यांचे 1 जुलै 2024 रोजी विलीनीकरण झाले. त्यामुळे दोन्हीकडची पार्क करायची असतील, तर सुट्या तिकिटांऐवजी अनेक पार्कना चालणाऱ्या पासचा दर आधी पाहावा.

डिस्नेमध्ये तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही आणि 10 वर्षे पूर्ण झाली की प्रौढांचा दर लागतो. म्हणजे 122 सेंटिमीटर ओलांडल्यानंतर आणि दहाव्या वाढदिवसाआधीचा काळ पालकांच्या खिशासाठी सर्वांत फायद्याचा.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास टीसीएस भरावा लागतो. एप्रिल 2025 पासून 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के असा दर होता. 2026 च्या अर्थसंकल्पात तो सरसकट 2 टक्के करण्याची घोषणा झाली. हा कर विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात. बुकिंगच्या पावतीवर तो स्वतंत्र दाखवला आहे का, हे पाहावे. ज्येष्ठांसाठी प्रवास विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, हे लेखी विचारावे. अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल सहलीच्या एकूण खर्चाला मागे टाकू शकते.

सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेत कायमस्वरूपी पार्कवर केंद्र सरकारची देखरेख नाही. 1981 पासून हा विषय राज्यांकडे आहे आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. फ्लोरिडात 1,000 पेक्षा अधिक कर्मचारी असलेली मोठी पार्क राज्याच्या तपासणीतून वगळलेली असून ती स्वतःचे निरीक्षक नेमतात. मोठ्या पार्कमध्ये रोज सकाळी तपासणी होते, तरीही तक्रारी आणि दोष समोर आल्याची उदाहरणे आहेत. जून 2023 मध्ये कॅरोविंड्स पार्कमधील 'फ्युरी 325' कोस्टरच्या खांबाला तडा गेल्याचे एका पर्यटकाच्या लक्षात आले आणि राइड बंद करण्यात आली. हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गर्भारपण असेल तर फलकावरील सूचना औपचारिकता समजू नये.

मग सुरुवात कुठून करावी?

खोपोलीपासून. इमॅजिकातील 'नायट्रो' हा बिनतळाचा कोस्टर स्विस कंपनी बोलिगर अँड माबिलार्डने बनवला आहे. याच कंपनीचा जगातील पहिला बिनतळाचा कोस्टर 'मेडुसा' 1999 मध्ये न्यू जर्सीच्या ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये सुरू झाला. 2001 मध्ये तिथेच 230 फुटांचा 'नायट्रो' आला, म्हणजे नावही तेच. खोपोलीची राइड झाल्यावर मुलाला पुन्हा रांगेत उभे राहायचे आहे की घरी जायचे आहे, हे एका दिवसात आणि अमेरिकेच्या तुलनेत नगण्य खर्चात कळते.

त्यानंतरचा क्रम असा : आधी मुलाची उंची मोजायची, मग व्हिसाचा अर्ज, व्हिसा हाती आल्यावर शाळेच्या सुट्टीप्रमाणे तारखा, त्यानुसार पार्क आणि सर्वांत शेवटी विमानाची तिकिटे. या वयात मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. आज 118 सेंटिमीटरवर असलेले मूल पुढच्या मेमध्ये 122 ची रेषा ओलांडण्याची शक्यता मोठी असते. व्हिसा 10 वर्षांचा मिळणार असेल, तर तो यंदा काढून सहल एक वर्ष पुढे ढकलणे अनेक कुटुंबांसाठी शहाणपणाचे ठरू शकते. तेवढ्याच खर्चात धाकटेही बाकावर न बसता रांगेत असेल.