गेमिंग पीसी जोडताय? महागडा नव्हे, जुळणारा पार्ट घ्या

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला बरा भाव मिळाला, चार पैसे हातात आले, की घरातल्या कॉलेजच्या पोराची मागणी पुढे येते : गेमिंग पीसी. बजेट चाळीस-पन्नास हजारांचे. मोबाइलवर दहा व्हिडिओ पाहून पार्टची यादी तयार होते. पण प्रत्येक पार्ट वेगळ्या व्हिडिओतला असतो. घरी आणून जोडल्यावर स्क्रीन काळीच राहते किंवा गेम सुरू होताच पीसी बंद पडतो. अशा वेळी दोष बहुतेकदा स्वस्त पार्टचा नसतो, न जुळणाऱ्या पार्टचा असतो.

खरे तर हे गणित जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला नवे नाही. पाच एचपीची मोटार बसवताना तो विहिरीची खोली, पाइपचा व्यास, केबलची जाडी आणि स्टार्टर पाहतो. मोटार मोठी आणि पाइप दीड इंची असेल तर पाणी पाइपाएवढेच येणार. पीसीचेही तसेच आहे.

सॉकेट आणि रॅम : इथे तडजोड नाही

प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला एएम ४ सॉकेट लागते, ७००० मालिकेपासूनच्या डेस्कटॉप रायझनला एएम ५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एलजीए १७०० लागते, दहाव्या-अकराव्या पिढीला एलजीए १२००. चुकीच्या सॉकेटवर प्रोसेसर बसतच नाही, आणि जोर लावला तर पिना वाकतात.

सॉकेट जुळूनही अडचण येऊ शकते. बी ४५० हा बोर्ड २०१८ चा, तर रायझन ५६०० त्यानंतरचा. दुकानातला बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर आधी बायोस अपडेट करावे लागते. ते दुकानदाराकडूनच करून घ्यावे.

रॅमचेही तसेच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एएम ४ वर फक्त डीडीआर ४ चालते, एएम ५ वर फक्त डीडीआर ५. एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून बोर्डचे पूर्ण नाव वाचावे. लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपला बसत नाही. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले, त्यामुळे ही चूक आता जास्त महागात पडते. घरी जुन्या डेस्कटॉपची डीडीआर ४ रॅम असेल तर एएम ४ चा विचार शहाणपणाचा ठरतो.

‘आय-७’ या अक्षरांना भुलू नका

‘आय-७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ अशी जाहिरात आणि भाव मात्र वीस हजारांच्या आत. हा आय-७ अनेकदा २०१२ च्या तिसऱ्या पिढीचा निघतो. बाराव्या पिढीचा साधा आय-३ त्याच्यापेक्षा वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ इतके जुने इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचे तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट हवेच. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घेतला, तोच सुरू होणार नाही.

‘४ जीबी कार्ड’ हाही असाच सापळा. जीटी ७३० हे कार्ड २०१४ चे आहे. जीबीचा आकडा मेमरीचा असतो, वेगाचा नव्हे.

वीज : गावातला खरा प्रश्न

शहरातल्या व्हिडिओत ही गोष्ट नसते. जिथे घराची आणि मोटारींची डीपी एकच आहे, तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतो. मळ्यातल्या घरात वीज अचानक जाणे-येणे रोजचेच. म्हणून पॉवर सप्लायवर पैसे वाचवणे ही सर्वांत महागडी काटकसर आहे. तो जळताना सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो.

हिशोब सोपा आहे. रायझन ५६०० चे ६५ वॉट, आरएक्स ६६०० कार्डचे १३२ वॉट, बाकी सगळ्याचे साठेक वॉट धरले तर बेरीज २६० च्या आसपास. याला नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा सप्लाय पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या ‘५०० वॉट’वर विश्वास ठेवू नये. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. तो गेम खेळत राहण्यासाठी नाही, पीसी नीट बंद करण्यासाठी आहे. आणि घराचे अर्थिंग आधी तपासावे, कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवावे.

हप्त्याने नको, टप्प्याने घ्या

शेतीचे उत्पन्न दरमहा येत नाही, हंगामाला येते. मग कर्जावर पूर्ण पीसी कशाला? रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते. त्यासोबत ८ जीबीच्या दोन रॅम लावल्या तर हलके गेम आणि कॉलेजचा अभ्यास दोन्ही होतात. पॉवर सप्लाय मात्र पहिल्याच दिवशी पुढच्या कार्डाला पुरेल असा घ्यावा. कार्ड पुढच्या हंगामात. लक्षात ठेवा, नुसत्या ५६०० मध्ये किंवा नावात ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतले ग्राफिक्स नसते. कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

पुण्याला निघण्यापूर्वी तपासा

• प्रोसेसर आणि बोर्डचे सॉकेट एकच आहे का?
• बोर्ड कोणती रॅम घेतो?
• कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का?
• सप्लायला कार्डासाठी लागणारी ८ पिनची केबल आहे का?
• प्रत्येक पार्टचे जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर मिळणार का?

शेवटचा मुद्दा इथल्या ग्राहकासाठी सर्वांत मोठा. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या आसपास. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर पार्ट घेतला आणि तो दोन महिन्यांत बिघडला, तर वॉरंटीचा दावा करायला हातात काही उरत नाही. जवळच्या गावातला दुकानदार दोन हजार जास्त घेत असेल, पण पक्के बिल देऊन स्वतः जोडून, चालू करून दाखवत असेल, तर ते दोन हजार वाया गेले असे मानू नये. चमकणारे दिवे नंतरही लावता येतात. पाया मात्र पहिल्याच दिवशी जुळलेला हवा.