साडेतीन सीसीचे मोटार वाहन

मे महिन्यात आपण ट्रॅकवर टँकरने पाणी मारतो. मुरमाची धूळ बसावी, टायरला पकड मिळावी, ड्रायव्हर स्टँडवरून पुढची गाडी निदान दिसावी, म्हणून टँकरवाल्याच्या विनवण्या करतो. जून उजाडला की तेच पाणी आभाळातून फुकट पडू लागते, आणि आपण आरसी (रेडिओ कंट्रोल) गाड्या पेट्यांत भरून दिवाळीची वाट बघत बसतो. या उफराट्या हंगामाबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते. या महिन्यात निमित्त सरकारी दारातूनच चालत आले.

एका महापालिकेच्या क्रीडा विभागाने काढलेल्या आदेशाची प्रत अनेक वाचकांनी आमच्याकडे पाठवली आहे. महापालिकेचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या क्लबचा अर्ज अजून टेबलावर आहे आणि त्या टेबलाची खप्पामर्जी त्यांना परवडणारी नाही. आदेश असा : 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात महापालिकेच्या मैदानांवर 'यांत्रिक वाहनांच्या' कोणत्याही स्पर्धा घेता येणार नाहीत. कारणे दोन दिली आहेत. एक, मैदानाची नासधूस. दोन, पावसात विजेचा धोका. क्लबने सवलत मागितली तेव्हा उत्तर आले की अर्जासोबत वाहनांची नोंदणी, विमा आणि पीयूसी जोडावे, तसेच 'रिमोटने चालणारी उपकरणे' असल्यामुळे ड्रोनची परवानगी आणावी.

पीयूसी! एक अष्टमांश आकाराच्या नायट्रो बग्गीचे इंजिन साडेतीन सीसीचे, टाकी 125 मिलिलिटरची, आणि त्या टाकीत पेट्रोल नव्हे तर मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. ही गाडी काखेत मारून पंपावरच्या पीयूसी केंद्रात जाणाऱ्या सभासदाचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. इलेक्ट्रिक बग्गी नेणाऱ्याचे तर विचारूच नका.

क्लबच्या सचिवांनी मोटार वाहन कायदा, 1988 मधले कलम 2(28) काढून दाखवले. त्यात पंचवीस सीसीपर्यंतच्या वाहनाला व्याख्येतून वगळले आहे. संबंधित लिपिकाने कलम शांतपणे वाचले आणि बोट ठेवले, तेही बरोबर जागी : सवलत चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला आहे, तुमच्या गाडीला चाके चार. त्याच व्याख्येत बॉडी न बसवलेला चॅसिससुद्धा वाहनच समजावा असेही म्हटले आहे, म्हणजे पिटमध्ये शेल काढून ठेवलेली बग्गीही या हिशेबाने कायद्याच्या कचाट्यात सापडली. लिपिकाच्या वाचनशक्तीला दाद दिली पाहिजे. फक्त व्याख्येची सुरुवात त्याने वाचायची राहिली. वाहन मुळात 'रस्त्यावर वापरण्याजोगे' असावे लागते. आठ इंचांचा दगडसुद्धा ज्याला डोंगर वाटतो ते वाहन मुंबई-पुणे महामार्गावर कोण नेणार आहे? शिवाय केवळ बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनालाही त्याच कलमाने बाहेर ठेवले आहे, आणि आपला ट्रॅक चारही बाजूंनी कुंपणाचा आहे.

ड्रोनचे उत्तर याहून सोपे. 2021 चे ड्रोन नियम मानवरहित विमानांसाठी आहेत. ट्रिपल जंपवरून आपली बग्गी उडते हे खरे, पण ती लगेच खाली येते, आणि पुष्कळांची तर छपरावर येते. रेडिओबद्दल कोणी विचारलेच तर 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 सालीच परवानामुक्त झालेला आहे. हे सगळे कागद एकदाच एका फायलीत लावून ठेवा. दर वर्षी नव्या साहेबाला नव्याने शिकवायचे असते.

आता आदेशातली कारणे. नासधुशीचा मुद्दा आम्ही सरसकट धुडकावणार नाही. काळ्या मातीच्या मैदानावर भर पावसात तीन-सव्वातीन किलोच्या बग्ग्या तासन् तास फिरल्या तर खोबणी पडणारच, आणि क्रिकेटच्या आउटफील्डवर हिरवळ उपटत गाड्या पळवणाऱ्यांना आमची सहानुभूती नाही. पण प्रस्तुत ट्रॅक मैदानाच्या कोपऱ्यात, मुरमाच्या भरावावर, क्लबने स्वखर्चाने बांधलेला आहे. पाऊस थांबल्यावर त्याचे पाणी काळ्या मातीच्या मानाने फार लवकर निथळते. याच मैदानात ऐन पावसाळ्यात मांडवाचे सामान उतरवायला दहा चाकी ट्रक बिनदिक्कत येतो, त्याच्या चाकांचे ठसे ऑक्टोबरात क्रिकेटवाले बुजवतात, आणि त्यावर कोणताही आदेश निघत नाही.

विजेच्या धोक्याबद्दल लिहिताना मात्र हसू आवरत नाही. आदेशातली 'वीज' नेमकी कोणती? बॅटरीची म्हणावी तर दोन सेलच्या लिपो बॅटरीचा दाब 7.4 व्होल्ट. आभाळातली म्हणावी, तर उघड्या मैदानात लोखंडी ड्रायव्हर स्टँडवर दहा माणसे उभी करणे खरोखरच धोक्याचे आहे, यात शंका नाही. पण आपल्याकडे विजा कधी कडाडतात? मे आणि जूनच्या सुरुवातीच्या वळवात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टच्या रिपरिपीत गडगडाट क्वचितच ऐकू येतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मैदान सर्वांत सुरक्षित, ते बंद, आणि मे व ऑक्टोबर सताड उघडे! सुरक्षिततेची इतकी काळजी असेल तर तारखा कशाला? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप बनवलेच आहे. रेस डायरेक्टरने ते चालू ठेवावे आणि पहिला गडगडाट ऐकू येताच स्टँड रिकामा करावा, मग महिना कोणताही असो. हा नियम आपणच लिहून दिला तर विभागाला निर्णय घ्यायची दगदगही उरणार नाही.

पावसात खेळणे म्हणजे वेडेपणा, असे या राज्यात कोणी म्हणू नये. मुंबईत 1948 साली सुरू झालेली कांगा लीग हे क्रिकेट ओळखले जाते ते पावसाळी खेळासाठीच. न झाकलेल्या, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळतो आणि कसा थांबतो ते फलंदाजाला कळावे, हाच तिचा हेतू. गोव्यात 2014 साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय स्पर्धा पूर्ण आकाराच्या जीपगाड्या मुद्दाम पावसाळ्यातच चिखलात घालते. आरसीचे म्हणाल तर इंग्लंडात पाऊस पडला म्हणून घरी जायचे ठरवले असते तर हा खेळ तिथे रुजलाच नसता. तिथल्या क्लबांनी ट्रॅकवर कृत्रिम हिरवळ अंथरली आणि नॉर्थहॅम्प्टनच्या शूमाकर कंपनीने तिच्यासाठी मिनी स्पाइक आणि मिनी पिन हे टायर काढले. आपल्याकडे हिरवळ अंथरायला पैसा नाही हे मान्य, पण मुरूम आहे, आणि तो काही वाईट नाही.

एवढे विभागाबद्दल झाले. आता जरा आपल्या अंगणात.

आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे आदेशाबद्दल नाहीतच. ती आहेत गेल्या पावसात जळालेल्या ईएससीबद्दल (म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरबद्दल), आणि 'क्लबने भरपाई द्यावी' अशा मागणीची. मंडळी, खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिले आहे म्हणून आतला पंखाही वॉटरप्रूफ होत नाही. शर्यतीच्या सेन्सर्ड ईएससी बहुतेक पाण्यासाठी बनवलेल्याच नसतात. पाण्यातल्या फेरीसाठी सीलबंद सेन्सरलेस ईएससी वेगळी ठेवावी लागते. मोटरचा सेन्सर सॉकेट उघडा ठेवायचा, रिसीव्हर बॉक्सचे रबर गॅस्केट एकदा काढले की परत बसवायचे नाही, वायर बाहेर येते तिथे बोटभर ग्रीसही लावायचे नाही, आणि मग कारखान्याला शिव्या द्यायच्या, हा प्रकार थांबला पाहिजे. रिसीव्हरला फुगा चढवून तोंड झिपटायने आवळायची जुनी युक्ती आजही चालते आणि तिला पाच रुपये लागतात. फोमच्या इन्सर्टमध्ये पाणी शिरून टायर जड झाले अशी तक्रार तीन जणांची आहे. रिमची भोके बुजवा आणि टायरच्या मध्यरेषेवर दोन बारीक भोके पाडा, वेगाने पाणी आपोआप बाहेर फेकले जाते. चिखलात पिनियनचा एक दात कमी करणारे किती जण आहेत? मोटर तापली की सगळे पावसाला दोष देतात. नायट्रोवाल्यांना वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो : दमट हवेत मिश्रण आपोआप श्रीमंत होते, सुई थोडी आत घ्या, पण एअर फिल्टरला तेल नसेल तर घरीच थांबा. इंजिनात पाणी गेलेल्या अवस्थेत स्टार्टर बॉक्सवर जोर लावाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि त्याचे बिल क्लबच्या नावाने फाडू नका. रात्री बेअरिंगे काढून डब्ल्यूडी-40 मारायचे, पुसायचे, मग तेल. नुसते डब्ल्यूडी-40 मारून ठेवलेली बेअरिंगे पुढच्या रविवारी करकरतात.

हे ज्याचे त्याने करायचे. आयोजकांचा अपराध मात्र मोठा आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. आपल्या बहुतेक स्पर्धांच्या माहितीपत्रकात पावसाचे कलमच नसते. 'पाऊस आल्यास आयोजकांचा निर्णय अंतिम' हे एक वाक्य लिहिले की झाले. मग काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. तिसऱ्या फेरीच्या पहिल्या दोन हीट कोरड्यात होतात, तिसऱ्या हीटला सर येते. सर्वांत जलद वेळेवर क्रमवारी लावणाऱ्या स्पर्धेत पुढच्या हीटवाल्यांनी त्यानंतर गाडी चालवून उपयोगच नसतो. त्यांचा निकाल आभाळाने आधीच लावलेला असतो. फेरीगणिक गुण देणारी पद्धत यापेक्षा बरी, कारण एक ओली फेरी सोडून देता येते. पण फेरीच्या मध्येच पाऊस आला तर तीही लंगडी पडते. आमचे मत स्पष्ट आहे. फेरी सुरू असताना ट्रॅकची अवस्था बदलली तर ती फेरी रद्द करून पुन्हा घ्यावी. वेळ नसेल तर त्या फेरीत हीटमधल्या क्रमांकावर गुण द्यावेत, वेळेवर नव्हे. 'वेट' जाहीर करायचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, जाहीर केल्यावर टायर आणि पिनियन बदलायला दहा मिनिटे मिळावीत, आणि हे सारे प्रवेशशुल्क घेण्याआधी छापलेले असावे. फायनलमध्ये पाऊस आला तर किती मिनिटांनंतर निकाल ग्राह्य धरायचा, तेही. फेऱ्यांची वेळ टिपणारा डिकोडर आणि लॅपटॉप ताडपत्रीखाली नव्हे, खोलीत हवेत. गाडीतला ट्रान्सपाँडर सीलबंद असतो, डिकोडर नसतो.

आणि मार्शल! कोरड्यातसुद्धा आपली हीट संपल्यावर मार्शलिंगच्या जागी उभे राहायला जिवावर येणारे सभासद पावसात पिटमधल्या छत्रीखालून सल्ले देतात. उलटी पडलेली गाडी चिखलात अर्धा मिनिट तशीच राहते आणि दोष मात्र ट्रॅकला. मार्शलिंग चुकवणाऱ्याची सर्वोत्तम फेरी रद्द, हा नियम पुष्कळ ठिकाणी कागदावर आहे. तो एकदा तरी लावून दाखवा, आणि पहिल्यांदा अध्यक्षांवर लावा. चिखलात धावणाऱ्याला गमबूट लागतात. क्लबने चार जोड विकत घेतले तर चषकांचा खर्च जरा कमी करावा लागेल, तेवढेच.

सचिवांना विनंती अशी की येत्या पंधरवड्यात आपापल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या क्रीडा विभागाला लेखी अर्ज द्यावा, आदेश निघालेला असो वा नसो. मागणी एकच ठेवा : मुरमाच्या कुंपणबंद ट्रॅकवर जुलै आणि ऑगस्टचे रविवार, सकाळी आठ ते एक. सोबत कलम 2(28) ची प्रत, ड्रोन नियमांचे पहिले पान, ट्रॅकचे कोरड्यातले आणि पावसातले छायाचित्र, आणि स्वतः लिहिलेले विजेचे व पावसाचे नियम जोडा. फोनवर बोलून, ओळख काढून, चहा पाजून काम होईल या भ्रमात राहू नका. साहेब बदलले की चहा वाया जातो. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या शिक्क्याच्या प्रतीचे छायाचित्र आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात सगळे अर्ज एकत्र छापू.