विश्लेषण : परड्यातल्या गवतासाठी बॅटरीवरचा ग्रास कटर घेताय? आधी बॅटरी बघा

गणपतीच्या आधीचा आठवडा. मुंबईहून कोकणात गावी पोचलेला चाकरमानी घराचे कुलूप काढतो आणि मागचे परडे बघून हबकतो. गवत कमरेपर्यंत आलेले, पाखाडीच्या पायऱ्या गायब, आणि त्या गवतात फुरसे असू शकते हे तिथे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वी दोन गडी विळा-कोयता घेऊन दिवसभरात सगळे मोकळे करून देत. आता गडी मिळत नाहीत. मिळाले तर त्याच आठवड्यात सगळ्या वाडीला हवे असतात. म्हणून घरोघरी पेट्रोलचा ग्रास कटर आला आणि आता त्याच्या जोडीला बॅटरीवरचा. दोरी ओढायची नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही, धूर नाही. घराभोवतीच्या कामाला तो चांगलाच आहे, असे माझे मत आहे. पण घेताना बहुतेक जण यंत्र बघतात आणि बॅटरीकडे दुर्लक्ष करतात. खरे पैसे तिथेच जातात.

'88 व्होल्ट' खरेच असतात का?

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कटरवर 48, 88 असे आकडे ठळक छापलेले असतात. त्यातल्या कित्येक बॅटऱ्यांमध्ये एकापुढे एक जोडलेले पाचच सेल असतात. लिथियम-आयनचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 चा. पाच सेलचे झाले 18 ते 21 व्होल्ट. खात्री करायची असेल तर चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा. तिथे 'आउटपुट 21 व्होल्ट' लिहिलेले असेल, तर 88 हा आकडा निव्वळ सजावट आहे. चांगल्या कंपन्यांच्या '18 व्होल्ट' आणि '20 व्होल्ट मॅक्स' या बॅटऱ्याही आतून सारख्याच असतात. एकावर सरासरी दाब छापतात, दुसरीवर पूर्ण चार्जचा. त्या दोन व्होल्टसाठी जादा पैसे मोजू नका.

विचारायचा आकडा आहे वॅट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, एवढाच हिशेब. 18 व्होल्ट आणि 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 90 वॅट-अवर, 2 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 36. दाट, ओल्या गवतात कटर 400 वॅट ओढतो असे धरा. मोठी बॅटरी जेमतेम 13 मिनिटे चालेल, छोटी पाच-सहा. खोक्यावर '45 मिनिटे' लिहिलेले असेल तर ते कसल्या गवतात, हे दुकानदाराला जरूर विचारा.

म्हणून दोन-तीन गुंठ्यांच्या परड्याला किमान दोन मोठ्या बॅटऱ्या हव्यात, किंवा दोन बॅटऱ्या एकदम लावायचे 36 व्होल्टचे यंत्र. मोटर ब्रशलेस असेल तर उत्तम. एकरभर कलमांची बाग बेणायची असेल, तर सरळ पेट्रोलचा घ्या. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते तिथे चार्जर घेऊन बसण्यात अर्थ नाही. आणि पुण्यातल्या बंगल्यासमोरच्या चटईएवढ्या हिरवळीला हाताने ढकलायचे मशिनही पुरते, हे विक्रेता सांगणार नाही.

ऑनलाइन किंमत फारच कमी दिसली तर 'बेअर टूल' असे शब्द शोधा. याचा अर्थ बॅटरी आणि चार्जर वेगळे विकत घ्यायचे. घरात एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल आधीच असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारा कटर घेणे सगळ्यात शहाणपणाचे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात सहसा बसत नाही. तीन वर्षांनी हीच बॅटरी कुडाळ, चिपळूण किंवा रत्नागिरीत मिळेल का, हा प्रश्न दुकानात तोंडावर विचारावा.

बंद घरातली बॅटरी का मरते?

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. पहिल्या वर्षी काम उरकले, शेवटचे गवत कापता कापता बॅटरी संपली, तशीच खोक्यात घालून माळ्यावर टाकली आणि मुंबई गाठली. पुढच्या वर्षी चार्जरचा लाल दिवाही लागला नाही. वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर ते चूक नव्हते.

रिकामी बॅटरी पडून राहिली तरी हळूहळू आणखी उतरत जाते. दाब ठरावीक पातळीखाली गेला की चार्जर तिला स्वीकारत नाही, आणि ते सुरक्षिततेसाठीच असते. पूर्ण भरून ठेवणे हाही उपाय नाही. शंभर टक्के चार्ज आणि वरून एप्रिल-मेमधला पत्र्याखालचा उकाडा, यात सेल झपाट्याने म्हातारे होतात. बॅटरीवरचे दिवे चार असतील तर दोन पेटतील एवढीच भरून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तपासावी.

बंद घरात हे कोण करणार? त्यापेक्षा बॅटरी काढून बॅगेत टाका आणि मुंबईला न्या. वजन किलोच्या आत-बाहेर. कटर गावी राहू दे.

बाकी काळजी फार नाही. काम झाल्यावर बॅटरी गरम असते. ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. यंत्र पाइपखाली धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसून वाळवावे. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत बॅटरी बसते तिथल्या पितळी पट्ट्यांवर गंज धरतो, तिकडे लक्ष हवे. परड्यात जांभ्याचे खडे लपलेले असतात, तेव्हा गडग्याच्या कडेला पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावावी. डोळ्यांना चष्मा आणि पायात गमबूट हवेतच. पात्याला गुंडाळलेले गवत हाताने ओढण्याआधी बॅटरी बाहेर काढायची. पेट्रोलचे इंजिन बंद असले की आपल्याला कळते. बॅटरीचे यंत्र गप्प असते, पण बोट खटक्यावर पडले की त्याच क्षणी फिरते.

बॅटरी फुगली असेल तर पुन्हा चार्ज करून बघू नये. ती घरात, लाकडांच्या किंवा गॅस सिलिंडरच्या जवळ ठेवू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर नाहीच. केंद्राच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी ठेवून गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या यंत्रणेकडे देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट ही उत्पादकाची. नवी घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानात बिल करण्याआधीच विचारा.