उडालेले छप्पर आणि कोरा कागद

वादळ जात पाहत नाही, असे म्हणतात. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. वाऱ्याने स्लॅब उडत नाही; उडतात ती कौले आणि पत्रे. ती कोणाच्या घरावर असतात, हे कोकणातील कोणत्याही बौद्धवाडीत जाऊन पाहावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळ्यापासून दापोली, मंडणगडपर्यंत छपरे उडाली. मंडणगड म्हणजे बाबासाहेबांच्या मूळ आंबडवे गावाचा तालुका. कोरोनाचे दिवस, वीज बंद, पाऊस तोंडावर, पत्र्यांचा तुटवडा. शासनाने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५,१०० वरून दीड लाख रुपये केली. अशा वेळी घरात पैसा येणार याचा सुगावा लागतो आणि दारात ठेकेदार उभा राहतो.

त्याची रीत ठरलेली असते. 'पंचनामा मीच करवून देतो, टक्केवारी द्या,' इथून सुरुवात. मग 'भाव उद्या वाढेल' म्हणून सगळी रक्कम आगाऊ. नमुना जाड पत्र्याचा, बसवतो पातळ पत्रा. कुजलेले वासे तसेच ठेवून वर नवे पत्रे ठोकतो. पुढच्या वाऱ्याला ते वाशांसकट जातात. म्हाताऱ्या आईचा अंगठा कोऱ्या कागदावर किंवा बँकेच्या स्लिपवर घेतो. मुलगा मुंबईत, त्याला फोनवर 'काम झाले' एवढेच कळते.

आमचे सांगणे साधे आहे. पंचनामा हे तलाठी व ग्रामसेवकाचे सरकारी काम आहे, त्याला दलाल लागत नाही. पंचनाम्याआधी मोडतोडीचे फोटो काढा. भरपाई थेट खात्यात जमा होते. पासबुक आणि सही कोणाच्या हाती देऊ नका. पत्र्याची कंपनी, जाडी, लांबी, नग, मजुरी आणि मुदत कागदावर लिहून घ्या. पत्रे शक्यतो स्वतः दुकानातून बिलासह आणा, ठेकेदाराला फक्त मजुरी द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता एक जोराचा पाऊस झाल्यावर.

'आपलाच माणूस आहे, जयभीम म्हणतो, त्याच्याकडे पावती कशी मागायची?' हा संकोच आम्ही नेहमी ऐकतो. ठेकेदार गावातला वजनदार असला, तर संकोचाची जागा भीती घेते. पावती मागणे हा कोणाचा अपमान नाही. प्रामाणिक माणसाला पावतीची अडचण होत नाही.

तरीही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ठेकेदाराचे काम ही 'सेवा' आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. एकाच ठेकेदाराने वाडीतील अनेकांना फसवले असेल, तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करावी. पोलीस 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतात. निव्वळ अर्धवट कामाबाबत त्यात तथ्यही असते. पण सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. तो हेतू सिद्ध होतो कागदांवरून आणि साक्षीदारांवरून.

म्हणून मुंबईतील गावमंडळांनी केवळ जयंतीची वर्गणी गोळा करून थांबू नये. दर मे महिन्यात विहारात बैठक घ्यावी. भरवशाच्या सुतारांची यादी, दुकानांचे दर आणि कराराचा एक छापील नमुना वाडीत ठेवावा. म्हाताऱ्यांच्या वतीने कागद वाचणारा एक शिकलेला तरुण नेमावा.

महाडचे चवदार तळे बाबासाहेबांनी १९२७ साली खुले केले. पण विरोधक कोर्टात गेले आणि तो हक्क टिकायला १९३७ साल उजाडले. अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची प्राचीन रूढी विरोधकांना मुंबई हायकोर्टात पुराव्याने सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. त्या लढ्याच्या वारसांनी कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.