रॅम महागली, जुना कॉम्प्युटर मोडीत काढू नका

सोयाबीनचे पैसे हातात आले की गेम खेळणारी पोरं कॉम्प्युटर अपग्रेड करायचा हट्ट धरतात. पण आता हिशेब बदललाय. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरी चिपकडे कंपन्या वळल्या आणि २०२५ च्या शेवटी साध्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणाच केली.

म्हणून सगळं नवं घेणं अंगाशी येतं. नव्या एएम५ बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते. जुनी डीडीआर४ त्यात बसतच नाही. ज्याच्याकडे एएम४ बोर्ड आहे, त्याने बोर्ड अन् रॅम तशीच ठेवावी. बोर्डाला चालत असेल तर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० प्रोसेसर टाकावा. वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा. गेम पळतो तो मुख्यतः त्याच्यावर.

मात्र कार्डाआधी पॉवर सप्लाय बघा. हलका सप्लाय आणि गावातली कमी-जास्त होणारी लाईट, यात महागडं कार्ड जळू शकतं. चाक मोडलं म्हणून कुणी अख्खी बैलगाडी विकत नाही!