एमव्हीपी सन्मान आणि मतभेदाचा हक्क : मायक्रोसॉफ्टला खुले पत्र

प्रति,
एमव्हीपी पुरस्कार कार्यक्रमाचे व्यवस्थापन,
मायक्रोसॉफ्ट, रेडमंड



'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल', संक्षेपाने एमव्हीपी, हा सन्मान 1993 पासून अशा व्यक्तींना दिला जातो, ज्या मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत नसूनही तिची उत्पादने वापरणाऱ्यांच्या अडचणी विनामोबदला सोडवतात. त्याचे मूळ कॉम्प्युसर्व्ह या तत्कालीन संगणक-सेवेवर परस्परांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या जाणकारांमध्ये आहे. म्हणजे लोकांची मदत आधी होती आणि कंपनीची मोहोर तिच्यावर नंतर उमटली. ऑक्टोबर 1999 मध्ये कंपनीने हा कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा सभासदांनी थेट वरिष्ठांपर्यंत निषेध पोहोचवला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. आज चालू असलेला हा कार्यक्रम त्या निषेधाचा ऋणी आहे.

तरीही त्याची रचना निषेधाला अनुकूल नाही. सन्मान एका वर्षापुरता असतो, गेल्या बारा महिन्यांचे योगदान पाहून त्याचे नूतनीकरण ठरते, आणि ज्याचे नूतनीकरण होत नाही त्याच्या मूल्यमापनाचा तपशील समुदायापुढे येत नाही. सन्मानासोबत व्हिज्युअल स्टुडिओची वर्गणी, रेडमंड येथील संमेलनाचे निमंत्रण आणि गोपनीयता करारान्वये, म्हणजे मिळालेली माहिती बाहेर न सांगण्याच्या लेखी बांधिलकीवर, आगामी उत्पादनांची पूर्वकल्पना मिळते. स्वतंत्र सल्लागाराच्या किंवा प्रशिक्षकाच्या दृष्टीने यात प्रतिष्ठेइतकाच चरितार्थाचाही भाग असतो, आणि म्हणून कोणीही धमकावले नाही तरी कठोर बोलण्यापूर्वी तो पुढच्या जुलैतील नूतनीकरणाचा विचार करतो. सन्मान देणारा आणि टीकेचा विषय होणारा पक्ष एकच असल्यामुळे हे मौन उपजते. त्याचा दोष सभासदांच्या भित्रेपणावर ढकलणे अन्यायाचे होईल.

या मौनाची किंमत कंपनीलाही मोजावी लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये डॉटनेट 6 या मुक्तस्रोत प्रणालीतून 'हॉट रीलोड' ही सोय, म्हणजे चालू प्रोग्राम न थांबवता त्यातील बदल लागू करण्याची क्षमता, कमांड-लाइनवरून काम करणाऱ्यांकडून काढून व्हिज्युअल स्टुडिओपुरती राखण्याचे ठरले, त्यावर विकसकांनी उघड संताप व्यक्त केला आणि काही दिवसांत ती सोय परत आली. त्या वेळी जे बोलले त्यांनी उत्पादनाची मोठी सेवा केली. मात्र वार्षिक अर्जात व्याख्याने, लेख आणि चित्रफिती यांची नोंद जितकी सहज करता येते, तितकी अशा विरोधाची करता येत नाही. मराठीतून शिकवत एखाद्या जिल्ह्यातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना पहिला प्रोग्राम लिहिता करणाऱ्याचे कामही याच कारणाने नजरेआड राहू शकते, कारण ते मोजायला रेडमंडहून दिसावे लागते.

म्हणून विनंती अशी की, गोपनीयता पाळून केलेली जाहीर टीका नूतनीकरणात प्रतिकूल मानली जाणार नाही, असे नियमांतच स्पष्ट लिहावे. सन्मान न मिळालेल्या प्रत्येकास कारण लेखी कळवावे. आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात उत्पादन व विक्री विभागांबाहेरचे, तसेच आता कार्यक्रमात नसलेले माजी सन्मानितही असावेत. यांपैकी पहिल्या मागणीसाठी खर्च वा नवी यंत्रणा लागत नाही, त्यामुळे किमान ती येत्या 1 जुलैच्या नूतनीकरणापूर्वी पूर्ण व्हावी.